सात वेळा तोच चेहरा

सोमवार, ४

शटर अर्धं खाली ओढून लिहितोय. कुणाला यायचंच असेल तर वाकून येईल.

आज गुळगुळीत आला होता. हे नाव मीच ठेवलंय. डोकं तुळतुळीत, बोलणं त्याहून तुळतुळीत आणि बुटांना आवाज नाही. तो आत आल्याचं कळतं ते अत्तरावरून. गेले दोन-अडीच महिने माझ्याकडून एकाच खेळाडूची जुनी कार्डं नेत होता. एकेक करून, घासाघीस न करता. मी मनातल्या मनात कॉलर ताठ करायचो. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या भाच्याला मामाने जुन्या नाण्या-कार्डांच्या दुकानात बसवलं ते दयेपोटी, असं सगळ्या नातेवाइकांचं मत. आणि इथे मामा हॉस्पिटलात पडल्यापासून मी त्याच्या भंगारातून सोनं काढत होतो!

आज त्याने तीच कार्डं काउंटरवर ओळीने मांडली. सात. प्रत्येक कार्ड आता जाड पारदर्शक डबीत सीलबंद, वर छापील लेबल. त्याने ती तपासून घेतली होती. हे तपासणारे लोक कार्डाला दहापैकी आकडा देतात आणि काही खोट सापडली तर तीही आकड्याखाली छापतात. छपाई तिरकी, कोपरा दुमडलेला, डाग पडलेला, असं.

"वाच बाळ," तो म्हणाला.

मी वाचलं. आठ. खाली: चेहऱ्यावर नंतर रंग भरलेला. दुसरं उचललं. आठ. चेहऱ्यावर नंतर रंग भरलेला. सातही तशीच.

पिवळी जर्सी, छातीशी धरलेले हातमोजे. एकच माणूस सात वेळा माझ्याकडे बघत होता आणि सातही वेळा त्याला माहीत होतं की मी गाढव आहे.

"साहेब, शप्पथ, मला खरंच…"

"तुला माहीत नव्हतं. दिसतंय ते तोंडावर. पण दुकानावर पाटी कुणाची आहे?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. हा हसत होता. म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक, ही सातही मी दिलेल्या भावाने परत विकत घे, आहेत तशी, खोटीसकट. दोन, हा रंग कुणी भरला त्याचं नाव सांग.

"त्यांच्या खास दिव्याखाली धरेपर्यंत तपासणाऱ्यांनासुद्धा कळलं नव्हतं. असा हात मी बघितलेला नाही, बाळ. मला तो हात हवाय. माझ्याकडे फार मोठ्या मोठ्या लोकांचे चेहरे खराब होऊन पडलेत."

"आणि दोन्ही नाही जमलं तर?"

"तर या डब्यांचा एक फोटो, शेजारी तुमच्या पाटीचा फोटो, आणि बाजारातल्या प्रत्येकाला एकेक प्रत. शनिवारी येतो."

डब्या ठेवून गेला. विश्वासाने नाही. मी त्या घेऊन पळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मंगळवार, ५

नीट विचार करायचा ठरवलंय. पहिल्यापासून लिहितो.

हे कार्ड बिस्किटाच्या पुड्यात मिळायचं. मी जन्मलो नव्हतो तेव्हाची गोष्ट. आपल्या गावाचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच फायनलला गेला आणि शेवटच्या मिनिटाला एक साधा, हळू आलेला चेंडू गोलकीपरच्या हातातून निसटला. साधा म्हणजे किती साधा, तर मामी म्हणते तिनेसुद्धा धरला असता. लोक म्हणाले विकला गेला. मग गावातल्या झाडून सगळ्या पोरांनी त्याचं कार्ड काढून कर्कटकाच्या टोकाने त्याचा चेहरा खरवडला. डोळे, नाक, तोंड, सगळं. शाळाशाळांतून चढाओढ लागली होती म्हणे. त्यामुळे त्या संघाची बाकीची कार्डं पैशाला पासरी मिळतात, आणि याचं चेहरा शाबूत असलेलं कार्ड औषधालाही सापडत नाही. म्हणून भाव.

आता खरी गोम. तो गोलकीपर समोरच राहतो. म्हणजे समोरच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासतो. पुढे काउंटरवर येत नाही. पुढे ती असते.

तिच्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती त्याची मुलगी.

आमच्या दुकानाच्या दारात पुठ्ठ्याचा एक खोका आहे, टाकाऊ कार्डांचा. मामाने त्यावर लिहिलंय, 'काहीही घ्या'. त्यात बापाची खरवडलेली कार्डं ढिगाने आहेत. ती दर दोन-चार दिवसांनी येते, खोक्यापाशी उकिडवी बसते, चाळत राहते. मी पैसे घेत नाही. एखादं कार्ड पर्समध्ये टाकते आणि म्हणते, "चहा नाही का पाजणार?" मी धावत कोपऱ्यावर जातो, दोन कप घेऊन येतो. ती तोवर एकटी माझी वाट बघत बसलेली असते. खोका चाळायचं आपलं निमित्त! वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "भाऊजी, बाई माणूस तासभर धुळीत बसतं ते तुमच्या मिशीसाठी, होय?" वहिनीला प्रेमातलं काही कळत नाही. दादाशी लग्न केलंय तिने.

तर. मी दुकानात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो खोका पालथा घातला होता. एकही चेहरा शाबूत नव्हता. मग अधूनमधून शाबूत निघायला लागले. पहिलं सापडलं ते मी सलूनवाल्याला विकलं, त्याने आरशाच्या काचेत खोचलंय. पुढची सात गुळगुळीतला. तेव्हा वाटलं, आधी घाईत बघितलं असेल.

घाईत नव्हतं बघितलं. कुणीतरी ती खोक्यात घातली होती.

आणि आज मामाच्या खणात मला काय मिळालं? बारीक ब्रश. तीन-चार केसांचा. आणि रंगाच्या चिमुकल्या बाटल्या.

मामा?

गुरुवार, ७

काल लिहिलं नाही. दिवसभर डब्या समोर घेऊन बसलो होतो. घ्यायच्या की नाही.

घ्यायच्या नाहीत, कारण पैसे नाहीत. विकण्यासारखी एकच गोष्ट आहे, मोटरसायकल, आणि ती गेली की मी या गावात पायी फिरणारा, कॉलेज सोडलेला, मामाच्या दुकानात बसणारा प्राणी उरतो. घ्यायच्या, कारण नाहीतर मामाची पाटी. घेतल्या तरी काय करायचं? खोट लेबलावरच छापलेली, कोण घेणार? मग डबी फोडायची. एक हातोडा, एक फटका. लेबल गेलं, खोट गेली, चेहरा शाबूत. दुसऱ्या गावात नेऊन विकायचं. गुळगुळीतनेही तेच केलं असतं. मग माझ्याकडे परत का आणली? कारण त्याला सात कार्डं नकोत, सातशे हवीत. म्हणून तो हात हवाय.

हातोडा खणातून काढून काउंटरवर ठेवला. परत ठेवला. दोनदा.

आज हॉस्पिटलात गेलो. मामा पांढऱ्या चादरीत एवढासा दिसत होता. त्याला विचारणार होतो. दारातूनच त्याने विचारलं, "गधड्या, दुकान आहे की जाळलंस?"

"आहे."

"काही घेतलंस का? मी सांगितलंय, विकायचं, घ्यायचं नाही."

"मामा, खोट असलेला माल घ्यावा का कधी?"

"घ्यावा की. विकताना तोंडाने सांगायची हिंमत असेल तर घ्यावा." मग खोकला आला. मामीने मला डोळ्यांनीच बाहेर काढलं. ब्रशचं विचारलंच नाही. दारात मामीला विचारलं. ती म्हणाली, "ब्रश? नाण्यांवरची धूळ काढायला. आणि त्या बाटल्यांतलं माझं नेलपॉलिश आहे, किती दिवस शोधतेय मी! परत आण."

बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त घाबरलो. मामा नाही, तर मग कोण आमच्या दुकानात येऊन जातंय?

परत आलो तर ती खोक्यापाशी. मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. गुळगुळीत, लेबलं, शनिवार. डब्या दाखवल्या. तिने एक हातात घेतली आणि तिचा रंगच उडाला. कपाळावर घाम. कुणी आपल्यासाठी इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"दिव्याखाली दिसतं म्हणजे? सगळं दिसतं?"

"सगळं."

"कुणी केलं तेही कळतं?"

"तेवढं नाही. पण तो हरामखोर मला सापडू दे, त्याची बोटं मोडून हातात देईन त्याच्या! दुसऱ्याच्या दुकानात चोरासारखं…"

ती हळूच म्हणाली, "परत घेऊन टाक तू. सगळी. मी देते पैसे. माझे साठवलेले आहेत."

माझ्यासाठी! मी म्हणालो, मेलो तरी तुझे पैसे घेणार नाही. ती म्हणाली, "वेडा आहेस का तू? घे म्हणते ना!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी. आज चहासुद्धा मागितला नाही तिने.

मी या मुलीसाठी जीव देईन. देण्याची वेळ शनिवारी येणार असं दिसतंय.

शुक्रवार, ८, सकाळ

गुळगुळीत समोरच्या फुटपाथवर उभा राहून आमच्या पाटीचा फोटो काढून गेला. मला हात केला. मीही केला. का केला?

शुक्रवार, दुपार

आता भीती निराळीच झाली आहे.

मामाच्या भिंगाची काच सैल झाली होती. ते निमित्त काढून समोर गेलो. ती म्हणाली, बाबांना दाखव, आणि मला मागच्या खोलीत नेलं. पहिल्यांदाच. घासायच्या यंत्राचं पाणी टपटपत होतं, सगळीकडे ओल्या काचेचा वास. काका स्टुलावर. मोठा माणूस, आणि हात असे की भिंग त्यांत हरवलंच.

"तू तो समोरचा. सलूनमध्ये माझं कार्ड तू दिलंस ना?"

झालं, म्हटलं. "हो काका. चुकलं असेल तर…"

"अरे चुकलं काय त्यात! केस कापायला बसलो, समोर बघतो तर मी. अख्खा." हसले. "इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की सगळ्यांनीच ओरबाडलं. रस्त्यात माझ्या वयाचा कुणी भेटला की वाटायचं, यानेही केलं असेल. पण नाही. कुणीतरी ठेवलं होतं नीट. एखाद्या पोराने म्हटलं असेल, जाऊ दे, निसटतो चेंडू एखाद्याच्या हातून."

ती दारात उभी होती. तिच्या हातातून स्क्रूची ताटली पडली. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून स्क्रू वेचत राहिलो.

माझ्या जिभेवर आलं होतं! 'काका, ते रंगवलेलं आहे', एवढंच म्हणायचं. मला काही माहीत असलं की ते बोलून टाकल्याशिवाय बरं वाटत नाही, कॉलेजातही हेच झालं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि दात असे आवळले की अजून जबडा दुखतोय.

गुळगुळीतने उद्या फोटो वाटले तर ही गोष्ट गावभर होणार. सलूनमध्ये तर सगळ्यात आधी. आणि काकांना कळणार की नाही, कुणीही ठेवलं नव्हतं. एकानेही नाही.

मामाची पाटी परवडली. हे नाही परवडणार.

ठरलं. उद्या मी सांगणार, रंग मीच भरला. मग त्याला मारायचं असेल तर मारू दे.

शनिवार, ९

क्रमाने लिहितो.

तो आला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "साहेब, रंग मीच भरलाय."

"असं? वा." खिशातून त्याने एक खरवडलेलं कार्ड काढलं. तो माणूस तयारीनेच आला होता. "मग भर. मी बसतो."

मामाचा ब्रश, कोपऱ्यावरून आणलेले रंग. लोक आपल्या फाशीचा दोर असाच वळत असतील. एक डोळा काढायला घेतला. ब्रश थरथरला आणि डोळा गालावर गेला. तो पुसायला गेलो तर गाल हनुवटीत मिसळला. शेवटी जे तयार झालं ते गोलकीपर नव्हतं, कुणीतरी पाय ठेवलेला टोमॅटो होता. घाम कार्डावर पडत होता. गुळगुळीत शांतपणे बघत होता. मग त्याने कार्ड उचलून फुंकर मारली.

"बाळ, तू कुणाला तरी वाचवतोयस."

"नाही!"

"आणि ते माणूस लांब नाही. मघापासून तू सारखा समोर बघतोयस."

मी बघत होतो! ती दुकानात आहे का हे बघत होतो, मी तर दिवसभर तेच करतो! त्याने मान वळवून समोरची पाटी वाचली. "चष्मे," म्हणाला. "बारीक काम." आणि डब्या गोळा करायला लागला.

"थांबा! मी घेतो. सगळी घेतो. माझी मोटरसायकल न्या. ही किल्ली!"

"सोमवारी म्हणायचं होतंस. आता मला विकायची नाहीत."

तो रस्ता ओलांडून गेला. चार दिवस मी घेऊ की नको करत बसलो आणि घ्यायची वेळच निघून गेली. काउंटरवरचं पितळी पेपरवेट उचललं. घालतो डोक्यात, म्हटलं, पुढचं पुढे. धावलो.

ती दुकानात नव्हती, कुणाचे तरी चष्मे पोचवायला गेली होती. काउंटरची घंटी वाजली म्हणून काका बाहेर आले, ओला ॲप्रन तसाच. गुळगुळीतने काहीही न बोलता सातही डब्या त्यांच्यापुढे मांडल्या.

मी दारातच थिजलो. पेपरवेट हातात, पण हात उचलेना. काकांनी एक डबी उचलली. चष्मा नाकावर खाली घेतला. लेबल वाचलं. सावकाश. मग दुसरं. मला ओरडायचं होतं, वाचू नका.

"चेहऱ्यावर नंतर रंग भरलेला," काका मोठ्याने म्हणाले. "बरोबर आहे. मीच भरलाय."

"तुम्ही?" गुळगुळीतही दचकला.

"चेहरा कुणाचा आहे ते बघा आणि मग माझ्याकडे बघा. बघितलंत? मग माझाच चेहरा नीट करायला मी परवानगी कुणाची घ्यायची होती? तुमची?"

गुळगुळीतने खरंच आळीपाळीने बघितलं. मग त्याचा आवाज मधात बुडाला. "अहो, पण मग तुम्हालाच तर शोधतोय मी! या हाताला इथे काचा घासायला लावणं म्हणजे पाप आहे. माझ्याकडे एवढं काम…"

"मला हा एकच चेहरा येतो. रोज दाढी करताना बघतो म्हणून. दुसऱ्याचा काढला तर काहीच्या काही होईल."

"शिकता येईल."

"या वयात?"

"मग मला बाजारात सांगावं लागेल. की असा असा माणूस, अशी अशी कार्डं…"

काकांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. दोन बोटं सरळ होत नाहीत त्यांची. "या हातांबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलंय. तुम्हीही छापा. फोटो हवा असेल तर उभा राहतो. आणि हा पोरगा काही जाणत नाही. मीच त्याच्या खोक्यात टाकत होतो."

ज्याला घाबरवायचं तो माणूस सगळं आधीच भोगून बसलेला. गुळगुळीतचं हसू पहिल्यांदाच उतरलं. डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाळ, मोटरसायकल म्हणत होतास ना?"

"अरे, नको!" काका म्हणाले. मी किल्ली दिली. तो गेला. बाहेर माझ्याच गाडीचा आवाज लांब लांब जात ऐकू आला.

मी मटकन खुर्चीत बसलो. "काका, तुम्ही कशाला रंगवलीत हो?"

ते बघतच राहिले माझ्याकडे. "तुला खरं वाटलं?"

"म्हणजे?"

त्यांनी डबी माझ्यापुढे धरली, मग आपलं तोंड बाजूला वळवलं. "नाक बघ माझं."

वाकडं आहे. डावीकडे. कार्डावरही डावीकडे.

"फायनलच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी दगड मारला तेव्हा मोडलं हे. कार्डावरचा फोटो त्याच्या आधीचा. तेव्हा सरळ होतं. मग हे वाकडं कुणी काढलं? ज्याने माझं सरळ नाक कधी बघितलंच नाही, त्याने."

मला समजायला तरीही वेळ लागला. मग एकेक आठवायला लागलं. धुळीत बसणं. पर्स. चहा. घामाघूम कपाळ. 'सगळं दिसतं?' आणि मी तिच्यासमोर म्हणालो होतो, बोटं मोडीन.

"पण काल तुम्ही म्हणालात, कुणीतरी नीट ठेवलं होतं…"

"ती दारात होती ना."

"म्हणजे तुम्हाला आधीच…"

"सलूनमध्येच. केस अर्धे कापून झाले होते, उठता येईना." हसले, पण नीट जमलं नाही त्यांना. "हे बघ, तिला सांगायचं नाही. तिला वाटतंय की मला खरं वाटतंय. वाटू दे. कबूल?"

मी कबूल म्हणालो. मी!

रविवार, १०

ती माझ्यासाठी येत नव्हती. खोक्यासाठी येत होती. चहाला मला पिटाळायची ते नीट केलेलं कार्ड आत सरकवायला. आज काही खाल्लं नाही. वहिनीने विचारलं, "भाऊजी, गाडी कुठेय? की पायांना कामाला लावलंत?" मी तिच्यावर ओरडलो. मग माफी मागितली. मग परत ओरडलो.

बुधवार, १३

मामा परवा घरी येतोय. त्याला सगळं सांगावं लागेल. त्या सात डब्या मागच्या कपाटात आहेत. फोडणार नाही आणि विकणारही नाही. त्यांचा मालक मी आहे, खोटीसकट.

आज ती आली. खोक्याकडे बघितलं नाही, सरळ काउंटरशी. मी उभा राहिलो, पुन्हा बसलो.

"तो माणूस?"

"गेला. मिटलं."

"कसं?"

"असंच. कंटाळला."

"गाडी?"

"दुरुस्तीला."

"तुझ्या वहिनी भेटल्या मला सकाळी. गाडी गेली म्हणाल्या," ती म्हणाली. आणि बोटाने काउंटरवर रेघा मारत राहिली. नखाच्या कडेला पिवळा रंग होता. इतके दिवस मी हीच नखं बघून कविता करत होतो आणि हे दिसलं नव्हतं!

"ते मी केलं होतं," ती म्हणाली. "ती कार्डं. बाबांसाठी. तू सलूनवाल्याला पहिलं विकलंस ना, त्या दिवशी ते घरी आले आणि किती वर्षांनी शीळ वाजवली त्यांनी. मग मला थांबताच येईना. तू ती पुढे कुणाला विकशील हे डोक्यातच आलं नाही माझ्या. मोड आता बोटं."

मी माझीच बोटं मोडत राहिलो.

"एकच सांगते. बाबांना कधी कळता कामा नये. त्यांना वाटतंय की कुठल्यातरी पोरांनी जपून ठेवलं होतं. ते मोडलं तर मी त्यांच्यासमोर उभी नाही राहू शकणार. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. त्याच क्षणी समोरच्या दुकानात काका पुढे आले होते, काउंटरवर, आणि काच पुसत आमच्याकडे बघत होते.

ती जाताना दारात थांबली. "चहा मी सोडणार नाहीये हं. खोका असो नसो." आणि मग, "बाबांनी तुला जेवायला बोलावलंय. रविवारी. मला म्हणाले, त्या पोराला माझ्यासमोर बसव, नीट बघायचाय."

ज्या वाक्यासाठी मी वर्षभर तळमळत होतो ते आज तिच्याच तोंडून ऐकलं, आणि मला रविवार नकोसा झाला. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते. दोघांचीही मला शपथ, एकाच गोष्टीची. दोघंही माझ्या तोंडाकडे बघणार. आणि माझं तोंड कसं आहे ते मला माहीत आहे. गुळगुळीतची भीती निदान शनिवारी संपणार होती.

संध्याकाळी मामीचं नेलपॉलिश द्यायला हॉस्पिटलात गेलो तेव्हा मामाला विचारलं, जेवताना गप्प कसं राहायचं.

"तोंडात सतत घास ठेव, गधड्या," तो म्हणाला.